घसरलेली मालिका सावरली, हे ओळखायचं कसं?

एखादी मालिका वर्षानुवर्षं चालली की तिच्याबद्दल दोन वाक्यं हमखास कानावर येतात. आधी, 'पहिल्यासारखी मजा राहिली नाही.' मग वर्ष-दोन वर्षांनी, 'हल्ली परत बरी झालीय म्हणे.' पहिल्या वाक्यावर फारसं कुणी भांडत नाही. दुसऱ्यावर मात्र वाद रंगतो. मालिका खरोखर सुधारली, की रटाळपणाची सवय झाल्यामुळे जरा बरा भागही आपल्याला मेजवानी वाटायला लागला, हे पटकन सांगता येत नाही.

हा प्रश्न हवेत सोडवण्यापेक्षा एका मालिकेला धरून सोडवलेला बरा. मी 'डेस्परेट हाउसवाइव्ज' घेतोय. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ३ ऑक्टोबर २००४ रोजी ती सुरू झाली आणि १३ मे २०१२ रोजी संपली. आठ सीझन, १८० भाग. निर्माता-लेखक मार्क चेरी. पहिल्या वर्षी तिनं धुमाकूळ घातला, दुसऱ्या वर्षी घसरली आणि तिसऱ्या वर्षी 'सावरली' असं सगळीकडे म्हटलं गेलं. इतका लख्ख चढउतार फार थोड्या मालिकांमध्ये पाहायला मिळतो.

कथा अशी. विस्टेरिया लेन नावाच्या टापटीप गल्लीत मेरी ॲलिस यंग एका सकाळी स्वतःवर गोळी झाडून घेते. तिच्या चार मैत्रिणी सुझन, लिनेट, ब्री आणि गॅब्रिएल तिचं सामान आवरताना त्यांना एक निनावी चिठ्ठी सापडते आणि मेरी ॲलिसनं जीव का दिला याचा शोध सुरू होतो. निवेदन मेरी ॲलिसच करते, मेल्यानंतर. एकीकडे रहस्य, दुसरीकडे चौघींचे संसार, आणि दोन्हीकडे विनोद.

घसरलं काय हे कळायला आधी जमलं काय होतं ते पाहायला हवं. पहिल्याच भागातला ब्रीचा प्रसंग घ्या. ब्री म्हणजे घडी न मोडणारी बाई. स्वयंपाक, केस, पडदे, सगळं जिथल्या तिथं. कुटुंबाला घेऊन ती हॉटेलात जेवायला जाते आणि तिथे नवरा रेक्स तिला सांगतो, मला घटस्फोट हवाय. ब्री रडत नाही, भांडत नाही. ती म्हणते, मी तुझ्यासाठी सॅलड घेऊन येते. सॅलडच्या टेबलापाशी ओळखीची बाई भेटते, तिच्याशी हसून बोलताना ब्री भानावर नसते आणि रेक्सच्या ताटलीत कांदा पडतो. रेक्सला कांद्याची जबर ॲलर्जी. तो खातो आणि कोसळतो.

यात हसू कुठे संपतं आणि दुखणं कुठे सुरू होतं ते दाखवता येत नाही. घटस्फोटाच्या वाक्यावर सॅलड आणायला जाणं हा विनोद आहे, आणि तीच त्या लग्नाची शोकांतिकाही आहे. रेक्सला घटस्फोट हवाय तो नेमका याच स्वभावामुळे. त्याच स्वभावातून कांदा ताटलीत जातो. कॉमेडी ड्रामा या प्रकाराचं इंजिन हेच: हसवणारी आणि रडवणारी गोष्ट एकाच कारणातून निघाली पाहिजे. पाच मिनिटं गंमत आणि पाच मिनिटं अश्रू असं आलटून पालटून वाढलं, तर ते एका डब्यात कोंबलेले दोन वेगळे कार्यक्रम होतात.

मालिका घसरते तेव्हा बहुतेक वेळा हाच सांधा निखळलेला असतो. विनोद तसेच असतात, कधीकधी जास्तच. रहस्य, मृत्यू, प्रेमभंग सगळं असतं. फक्त एकाचा दुसऱ्याशी संबंध उरलेला नसतो.

दुसऱ्या सीझनमध्ये तेच झालं. पहिल्या सीझनच्या अखेरीस गल्लीत बेटी ॲपलव्हाइट आणि तिचा मुलगा मॅथ्यू राहायला आले होते, आणि त्यांच्या तळघरात साखळीनं बांधलेलं कुणीतरी होतं. अल्फ्री वुडर्डसारखी ताकदीची अभिनेत्री बेटीच्या भूमिकेत. तरी ट्रॅक लागला नाही, कारण त्या तळघराशी चार मैत्रिणींचं काही देणंघेणंच नव्हतं. मेरी ॲलिसचं गूढ त्यांच्या जिवलग मैत्रिणीचं होतं, हे शेजारणीचं. ब्रीचा धागा बराच उशिरा, तिच्या मुलीमार्फत जोडला गेला. शिवाय चौघी आपापल्या ट्रॅकमध्ये अडकल्या आणि एकत्र दिसणंच कमी झालं. त्या चौघी पत्ते खेळत बसल्या की जी मजा यायची ती मालिकेच्या हातातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाची गोष्ट होती. तीच गेली.

असं होतंच का? 'लेखक थकले' हे उत्तर सोपं आहे आणि अर्धवट आहे.

पहिल्या सीझनची कल्पना निर्मात्याच्या डोक्यात बराच काळ मुरलेली असते. दुसऱ्या सीझनला तेवढी सवड मिळत नाही. अमेरिकी वाहिन्यांवर तेव्हा सीझन म्हणजे बावीस-चोवीस भाग. या मालिकेच्या पहिल्या वर्षी २३, दुसऱ्या वर्षी २४. जाहिराती वगळून एक भाग सुमारे ४२ मिनिटांचा, आणि तो चित्रित करायला साधारण आठ दिवस लागतात. उन्हाळ्यात काम सुरू होतं, सप्टेंबरअखेर प्रसारण. म्हणजे एक भाग पडद्यावर असतो तेव्हा पुढचा संकलनात, त्यापुढचा सेटवर, त्यापुढचा लेखकांच्या खोलीत. तळघर लोकांना आवडत नाहीय हे ऑक्टोबरमध्ये कळलं तरी पुढचे कित्येक भाग त्याच तळघराभोवती लिहून, काही तर चित्रित होऊन बसलेले असतात. आणि एकदा साखळीतला माणूस दाखवला की तो कोण, का बांधलाय, हे सांगितल्याशिवाय सुटकाही नाही. म्हणून दुरुस्ती त्याच वर्षी दिसत नाही. लेखक ऐकत नाहीत म्हणून आपण चिडतो, तेव्हा त्यांनी ऐकलेलं असतं. फक्त गाडी वळायला जागा नसते.

दुसरं कारण पैशाचं. यशस्वी मालिका बंद करायला कुणीच तयार नसतं. जितके भाग जास्त, तितकी ती पुढे पुनःप्रसारणासाठी विकायला सोपी. त्यामुळे पात्रांना त्यांच्या मूळ खोडीतच ठेवावं लागतं. सुझन प्रेमात धडपडणारी बाई आहे. तिचं आणि प्लंबर माइकचं सुखात लागलं तर सुझननं करायचं काय? मग गैरसमज, अपघात, जुनी प्रेमिका. कथेत पाणी घालणं म्हणतात ते हेच. पाणी घालणाऱ्याला ते कळत असतं, हे त्यातलं दुःख.

मार्क चेरीनं दुसरं वर्ष कमी पडल्याचं पुढे जाहीरपणे कबूल केलं आणि लेखनाची सूत्रं पुन्हा स्वतःकडे जास्त घेतली. मग तिसरा सीझन आला. तो सुधारला होता का, हे पाहण्याआधी आपण नेहमी ज्या मोजपट्ट्या वापरतो त्या कशा फसवतात ते पाहू, कारण या एका मालिकेत त्या सगळ्याच फसल्या आहेत.

आधी प्रेक्षकसंख्या. पहिल्या वर्षी अमेरिकेत सरासरी २.३ कोटींहून जास्त लोक मालिका पाहत होते. दुसऱ्या, म्हणजे घसरलेल्या वर्षीही २.२ कोटींच्या आसपास. आणि तिसऱ्या, 'सावरलेल्या' वर्षी? सुमारे १.७५ कोटी. आकड्यांवर गेलात तर दुसरं वर्ष झकास आणि तिसरं आपटलेलं. प्रत्यक्षात प्रेक्षकसंख्या एक वर्ष मागून चालते. दुसऱ्या वर्षी लोक पहिल्या वर्षाच्या आठवणीवर बसून राहिले. तिसऱ्या वर्षी ते दुसऱ्या वर्षाच्या कंटाळ्यावर उठून गेले. गेलेल्या माणसाला सुधारणा दिसत नाही, कारण तो बघतच नसतो.

पुरस्कारांची गंमत तर याहून मोठी. जानेवारी २००६ मध्ये मालिकेला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा गोल्डन ग्लोब मिळाला, सलग दुसऱ्यांदा, आणि चारही नायिकांना नामांकनं होती. त्याच वर्षीच्या एमी या टीव्ही पुरस्कारांमध्ये मालिकेला त्या गटात नामांकनसुद्धा नाही, आणि चौघींपैकी एकीचंही नाव नाही. आदल्या वर्षी याच चौघींपैकी तिघींना नामांकन होतं आणि लिनेट साकारणाऱ्या फेलिसिटी हफमननं एमी जिंकलं होतं. परीक्षकांची आवड सहा महिन्यांत इतकी बदलली? काही प्रमाणात बदललीही असेल. पण गोल्डन ग्लोब कॅलेंडर वर्ष धरतं, म्हणजे २००५ मधला पहिल्या सीझनचा गाजलेला उत्तरार्ध त्यात येतो. एमी जून ते मे असं वर्ष धरतं, म्हणजे निव्वळ दुसरा सीझन. मोजायची फूटपट्टी कुठून कुठे ठेवली यावर निकाल ठरला.

तिसरी मोजपट्टी म्हणजे प्रेक्षकांनी दिलेले गुण, आणि ही सर्वांत फसवी. मालिका बिघडली की नाराज लोक निघून जातात. उरतात ते चाहते. चाहते गुण चांगलेच देतात. म्हणजे मालिकेत काडीचा बदल न होता तिचे सरासरी गुण वाढू शकतात, केवळ तक्रार करणारे उठून गेले म्हणून. 'आता सगळ्यांना परत आवडायला लागलीय' असं ऐकलं की मी आधी विचारतो, सगळे म्हणजे उरलेले ना?

याच जातीचा आणखी एक चकवा संख्याशास्त्रातला आहे. एखाद्या फलंदाजाची मालिका अगदीच वाईट गेली, तर पुढची बहुतेक वेळा त्यापेक्षा बरी जाते, त्यानं काहीच नवीन न शिकता. फार वाईट कामगिरीत नशिबाचा वाटा असतो, आणि वाईट नशीब रोज रोज लागत नाही. मालिकेच्या वर्षाचंही असंच. पाहुण्या कलाकाराशी सूर न जुळणं, एखादं रहस्य फसणं, मुख्य अभिनेत्री आजारी पडणं, यातलं बरंच काही योगायोगाचं. ते सगळं एकाच वर्षी आलं तर पुढचं वर्ष आपोआप उजवं वाटतं. त्यामुळे 'आधीपेक्षा बरी झाली' एवढं पुरेसं नाही. बिघाडाचं कारण कुणी हात घालून दुरुस्त केलं का, हे पाहावं लागतं.

तिसऱ्या सीझनमध्ये ते केलेलं दिसतं. कथेनं सहा महिन्यांचा छोटा लीप घेतला आणि जुने अडकलेले धागे मागे टाकले. नवं रहस्य शेजारणीच्या तळघरातून उचलून थेट ब्रीच्या संसारात आणलं: ती ज्याच्याशी लग्न करते तो ऑर्सन हॉज, म्हणजे काइल मॅक्लॉक्लन, त्यानं आधीच्या बायकोचं काय केलं? आता गूढ उलगडलं काय किंवा नाही काय, फटका चौघींपैकी एकीला बसणारच.

५ नोव्हेंबर २००६ रोजी आलेला सातवा भाग याची सर्वांत चांगली परीक्षा. ऑर्सनवर आरोप करत फिरणाऱ्या कॅरोलिन बिग्जबीला कळतं की तिच्याच नवऱ्याचं बाहेर प्रकरण होतं. तो सुपरमार्केटचा मॅनेजर. कॅरोलिन बंदूक घेऊन तिथे पोचते आणि गिऱ्हाइकांना ओलीस धरते. त्यात लिनेट आहे, आणि नोराही आहे. नोरा म्हणजे लिनेटच्या नवऱ्याच्या लग्नाआधीच्या मुलीची आई, आणि लिनेटच्या डोक्याला झालेला कायमचा ताप. बंदूक समोर असताना दोघी जमिनीवर बसून नवऱ्यावरून आणि मुलीवरून भांडत राहतात. प्रसंग भीतीचा आहे आणि तरी हसू येतं, कारण लिनेटला गप्प बसणं जमतच नाही. भांडणाच्या भरात ती कॅरोलिनला सांगून टाकते की या बाईनं माझ्या नवऱ्याला गळाला लावायचा प्रयत्न केला. कॅरोलिन, जी नवऱ्याच्या प्रकरणावरूनच पेटलेली आहे, वळते आणि नोराला गोळी घालते.

मिनिटभरापूर्वी आपण ज्या तोंडाळपणावर हसत होतो त्यानंच माणूस मारला. मरणाऱ्या नोराला लिनेट तिच्या मुलीला सांभाळायचं वचन देते, आणि ते पुढे तिला चांगलंच जड जातं. पहिल्या भागातला कांदा आणि ही गोळी यांची रचना एकच आहे. म्हणून मी म्हणेन, तिसऱ्या सीझनच्या पूर्वार्धात मालिका खरोखर सावरली होती. लोक एक कोटी पंच्याहत्तर लाख असोत की पंच्याहत्तर.

उत्तरार्धाबद्दल तेवढ्या ठामपणे बोलता येत नाही. ब्री साकारणाऱ्या मार्शिया क्रॉसला जुळी होणार होती आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, त्यामुळे बरेच भाग ब्री गायब. रहस्य तिच्या घरात होतं, आणि घरच बंद. कुणाचाच दोष नाही; पण योगायोग दोन्ही दिशांना काम करतो तो असा. चौथ्या वर्षी अमेरिकेतल्या लेखकांनी नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ संप केला आणि सीझन १७ भागांत आटोपला. माझ्या मते ते मालिकेच्या पथ्यावर पडलं. पाणी घालायला भागच शिल्लक नव्हते.

घरी बसून तपासायची सोपी चाचणी हवी असेल तर अशी. सीझनचा पहिला भाग, शेवटचा भाग आणि ज्याचे प्रोमो दणक्यात लावले तो भाग बाजूला ठेवा. या भागांवर सगळ्यांनीच जीव ओतलेला असतो. मधलाच, कुणालाही नाव न आठवणारा भाग निवडा. त्यातला विनोद मनातल्या मनात काढून टाका आणि विचारा, दुःखाची घटना तरीही घडली असती का? घडली असती, तर विनोद नुसती सजावट आहे.

मोठ्या आपत्तीच्या भागांना ही चाचणी लावली की बरंच कळतं. चौथ्या वर्षी गल्लीवर चक्रीवादळ आलं. भाग पकड घेणारा होता, पण वादळ कुणाच्या स्वभावातून येत नाही. पाचव्या वर्षी क्लबला आग, सहाव्या वर्षी विमान कोसळलं, सातव्या वर्षी दंगल. त्या गल्लीला कुठल्या विमा कंपनीनं दारात उभं केलं असतं देव जाणे. आपत्ती वेळापत्रकानं यायला लागली म्हणजे लेखकांना पात्रांकडून काही घडेल याची खात्री उरलेली नाही, असं मी समजतो.

लीपकडे थोडं लक्ष द्यायला हवं, कारण सावरण्याचा तो सगळ्यात लोकप्रिय उपाय. चौथ्या सीझनच्या शेवटी मालिका एकदम पाच वर्षं पुढे गेली. गॅब्रिएलला त्याचा फायदा झाला. जुनी मॉडेल, आरशापुढून न हलणारी, आता दोन मुलींची आई, विस्कटलेली, पैशाची चणचण, नवरा आंधळा. तिचा नखरा तोच, पण तो दाखवायला काहीच उरलेलं नाही. एवढ्यातून कितीतरी भाग आपसूक निघतात. सुझनला त्याच लीपनं मागे ढकललं. माइकशी तिचं लग्न मोडलेलं, नवा प्रियकर, म्हणजे पुन्हा पहिल्या वर्षाची सुझन. लीप घेतल्यानं मालिका नवी होत नाही. पात्र पुढे सरकलं की परत शून्यावर आलं, एवढं पाहावं.

मूळ लेखक परत आला की गुणवत्ता परत येते, हीही एक समजूत. 'गिलमोर गर्ल्स'ची निर्माती एमी शेरमन-पॅलाडिनो सहाव्या सीझननंतर बाहेर पडली, सातवा दुसऱ्यांनी केला, मालिका २००७ मध्ये संपली. २०१६ मध्ये ती हीच मालिका चार मोठ्या भागांत घेऊन नेटफ्लिक्सवर परतली. संवादांची ती सुसाट गती लगेच ओळखू आली, पण सोळाव्या वर्षी गोंडस वाटणारी नायिका रोरीची आत्ममग्नता बत्तिशीत तशी वाटेना. लेखिका तीच होती, पात्राचं वय तेच नव्हतं. 'मॅश' या युद्धातल्या लष्करी इस्पितळावरच्या मालिकेच्या बाबतीत तर 'परत' हा शब्दच लागू होत नाही. चार सीझननंतर मूळ लेखक लॅरी गेलबार्ट मालिका सोडून गेला, मुख्य पात्रंही बरीच बदलली आणि ११ वर्षांत ती मालिका विनोदाकडून गांभीर्याकडे सरकली. ती बिघडली की मोठी झाली यावर आजही दोन तट आहेत, आणि दोन्ही तट वेगवेगळ्या मालिकांबद्दल बोलताहेत असं वाटतं.

'डेस्परेट हाउसवाइव्ज'चं शेवटचं, आठवं वर्ष मला सगळ्यात कोड्यात टाकतं. गॅब्रिएलच्या सावत्र बापाचा तिच्या नवऱ्याच्या हातून खून झालाय, आणि चौघी मैत्रिणी मिळून प्रेत पुरायला मदत करतात. कागदावर हे अचूक आहे: गुपित पुन्हा चौघींचं, चौघी पुन्हा एकत्र. सुझनला अपराधीपणा सोसत नाही, म्हणून ती चित्रं काढायला लागते, आणि ती चित्रं निघतात नेमकी त्या रात्रीची. शिक्षक खूश होऊन ती प्रदर्शनात लावतो. सात वर्षांनी सुझनचा वेंधळेपणा परत धोकादायक झाला. आणि त्याच सीझनमध्ये माइकला एक सावकार येऊन गोळी घालतो, ज्याचा सुझनच्या स्वभावाशी, त्या चित्रांशी किंवा त्या प्रेताशी काही संबंध नाही. त्या भागात मला रडू आलं होतं. तरी चाचणीत तो नापास आहे, आणि आठव्या वर्षाला मी अर्धेच गुण देईन.